गुणाचं बाळ, गप्प बाळ

बाळंतिणीच्या खोलीत एक वाक्य हमखास कानावर येतं : "लेकरू मोठं गुणाचं आहे, रडतच नाही." यवतमाळच्या महागाव तालुक्यात ते सवन्याला ऐकाल, फुलसावंगीला ऐकाल, एखाद्या तांड्यावरही ऐकाल. बोलणारी मावशी किंवा आत्या कौतुकानेच बोलते. पण पहिल्या महिनाभरात घरातल्या माणसांनी कान टवकारायला हवेत ते नेमके या वाक्याला. जे बाळ टाहो फोडतं, हातपाय झाडतं, लालबुंद होतं, त्याला घेऊन लोक रात्री मोटरसायकलवर दवाखाना गाठतात. ते बहुतेक वेळा भुकेलेलं असतं, नाहीतर ओलं. आणि जे काल नीट पीत होतं, पण आज दोन-चार घोट घेऊन मान टाकतं, तळपाय चोळले तरी डोळे उघडत नाही, त्याच्या अंगावर "झोपू द्या, झोपेतच बाळ वाढतं" म्हणून दुपटं घातलं जातं. मोठ्या माणसाला जंतुसंसर्ग झाला की तो कण्हतो, ताप येतो, तक्रार करतो. नवजात बाळ यातलं काहीच न करता नुसतं मंदावत जाऊ शकतं.

आपल्याच विदर्भात याचा पक्का अभ्यास झालेला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५-९६ मध्ये ३९ गावांतल्या ७६३ नवजात बाळांवर त्यांच्या घरीच लक्ष ठेवलं. निम्म्याहून अधिक बाळांना उपचार लागतील असं काही ना काही झालं होतं. डॉक्टरच्या नजरेखाली गेली ती शंभरातली जेमतेम तीन. मग गावातल्याच, फार न शिकलेल्या बायकांना बाळ तपासायला, वजन-तापमान घ्यायला, वेळ पडली तर इंजेक्शन द्यायलाही शिकवलं गेलं. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथला नवजात मृत्यूदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आला, आणि डिसेंबर १९९९ मध्ये ते काम 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज आशाताई पिशवीत वजनकाटा आणि थर्मामीटर घेऊन तुमच्या दारात येते, त्या २०११ पासूनच्या सरकारी योजनेची मुळं गडचिरोलीच्या त्या गावांत आहेत.

त्या कामात गंभीर संसर्ग ओळखायला सात लक्षणं ठरवली होती. त्यातली पहिली तीन सांगायला डॉक्टर लागत नाही, आई लागते. आधी जोरात रडायचं, आता आवाज मऊ पडलाय किंवा रडणंच थांबलंय. आधी नीट प्यायचं, आता ओढ कमी झालीय. आधी जागं, तरतरीत होतं, आता सुस्त आहे, उठवलं तरी उठत नाही. उरलेली चार बघून आणि हात लावून कळतात : अंग फार गरम किंवा गार लागणं, नाळेत किंवा कातडीवर पू, पोट फुगणं किंवा सतत उलट्या-जुलाब होणं, श्वासाबरोबर कण्हणं किंवा छाती आत ओढली जाणं. सातांपैकी दोन एकत्र दिसली की उपचार सुरू करायचे, असा तिथला नियम होता. घरच्यांनी मात्र दोनाची वाट पाहू नये, एक दिसलं तरी निघावं. पहिली तीन पुन्हा वाचा. तिन्हींत 'आधी' आणि 'आता' आहे. शेजारणीच्या बाळाशी तुलना करून काही कळत नाही. आपल्या बाळाचा काल आणि आज यांचीच तुलना कामाची.

म्हणून बाळ चांगलं असतानाच ते कसं पितं, किती वेळ जागं राहतं, कसं रडतं, हे पाहून ठेवा. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा अंगावर घ्यायचं, म्हणजे साधारण दोन-तीन तासांनी एकदा, रात्रीसुद्धा. पहिल्या तासातच पाजायला सुरुवात व्हावी, आणि सुरुवातीचा घट्ट पिवळा चीक टाकू नये. पहिली शू चोवीस तासांत, फार तर अठ्ठेचाळीस तासांत व्हायला हवी. काळी-हिरवी चिकट शीही तेवढ्यातच. पाचव्या दिवसापासून दिवसाला निदान सहा वेळा लंगोट ओला झाला तर दूध पुरतंय. आईला दूध कमी येतंय की काय, हा घरोघरचा वाद दुधाच्या बाटलीने मिटवण्याआधी लंगोट मोजावेत. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन जन्माच्या वजनाच्या दहाव्या भागापर्यंत घटू शकतं आणि दहा ते चौदा दिवसांत भरून येतं. त्याहून जास्त घटलं किंवा दोन आठवड्यांनीही भरलं नाही, तर दाखवायला हवं. अंगावर पिणारं बाळ दिवसातून आठ-दहा वेळा पातळ, मोहरीसारखी पिवळी शी करतं. ते जुलाब नव्हेत. तेच बाळ पुढे दोन-तीन दिवस शी करणार नाही, आणि पोट मऊ असेल, पिणं चांगलं असेल, तर तीही बद्धकोष्ठता नव्हे.

नवजात बाळाच्या अंगावर दिसणाऱ्या कितीतरी गोष्टी नुसत्या पाहून सोडून द्यायच्या असतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंगावर लाल चट्टे आणि त्यात पांढरट टोकं येतात, आठवड्यात जातात. नाकावर पांढरे बारीक ठिपके असतात. ढुंगणावर, कमरेवर निळसर डाग असतात, ते मार लागल्याचे नव्हेत. कातडी सोलवटते. उचकी लागते, शिंका येतात, प्यायल्यावर थोडं दूध तोंडातून येतं. मोठा आवाज झाला की बाळ दचकून हात फाकतं. मुलीला तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास योनीतून पांढरा स्राव किंवा रक्ताचे थेंब जातात आणि आज्या घाबरतात. आईच्या शरीरातल्या संप्रेरकांचा तो उतरता परिणाम असतो, दोन-चार दिवसांत थांबतो. त्याच संप्रेरकांमुळे मुलगा असो की मुलगी, बाळाची छाती सुजते, कधी दुधासारखं पाणी येतं. ती छाती पिळण्याची पद्धत अजून चालू आहे. पिळल्याने आत जखम होते, पू होतो आणि मग चिरा द्यावा लागतो. हात लावू नका, काही आठवड्यांत आपोआप बसते.

आता कावीळ. नवजात बाळांच्या तक्रारींत सगळ्यात जास्त गैरसमज हिच्याभोवती आहेत, म्हणून जरा सविस्तर.

पूर्ण दिवसांच्या शंभर बाळांपैकी साठेक आणि अपुऱ्या दिवसांच्या ऐंशीएक बाळांना पहिल्या आठवड्यात थोडीफार कावीळ होतेच. पोटात असताना बाळाच्या रक्तात तांबड्या पेशी जास्त असतात. जन्मानंतर त्या मोडतात, त्यातून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य निघतं आणि बाळाचं कोवळं यकृत ते लगेच बाहेर टाकू शकत नाही. ही कावीळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते, चौथ्या-पाचव्या दिवशी वाढते, आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरते. ती आपोआप ओसरते म्हणूनच माळ घालणाऱ्याचं आणि चुन्याच्या पाण्याने कावीळ उतरवणाऱ्याचं नाव होतं. आईने हळद, तेल, पिवळं काही खाऊ नये हाही असाच प्रकार. आईच्या ताटातल्या वरणाचा आणि बाळाच्या डोळ्यांतल्या पिवळेपणाचा संबंध नाही. उलट पथ्याने बाळंतीणच उपाशी राहते.

पण बिलिरुबिन फार वाढलं तर ते मेंदूत शिरतं आणि तिथली इजा कायमची असते. ऐकू न येणं, हातपाय आखडणं मागे राहतं. म्हणून पाहायला शिका. बाळाला दारात, दिवसाच्या उजेडात आणा. ट्यूबलाइटखाली किंवा पिवळ्या दिव्याखाली कळत नाही. कपाळावर, छातीवर, मांडीवर बोटाने हलकेच दाबून सोडा आणि दाबलेली जागा पिवळी दिसते का पाहा. कावीळ चेहऱ्यापासून खाली उतरत जाते. सावळ्या बाळात नजर फसते, म्हणून शंका आली की रक्ताची तपासणी करून घ्यावी. पहिल्या चोवीस तासांतच पिवळेपणा दिसला, तळहात-तळपाय पिवळे झाले, पिवळं बाळ सुस्त झालं, पिईना, किंवा आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल, तर त्याच दिवशी दवाखाना. दोन आठवडे उलटूनही कावीळ राहिली, शी पांढुरकी किंवा चुनखडीसारखी होतेय, शूचा डाग लंगोटावर पिवळा गडद पडतोय, तर ती वेगळी कावीळ. पित्ताची नळी बंद असू शकते. तिची शस्त्रक्रिया साठ दिवसांच्या आत झाली तर यशाची शक्यता चांगली असते. "हळूहळू जाईल" म्हणत दोन महिने घालवले की ती संधी गेली.

उन्हात ठेवण्याचं काय? १९५६ साली इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यातल्या रॉचफर्ड रुग्णालयात सिस्टर वॉर्ड नावाच्या परिचारिका अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अंगणात उन्हात नेत असत. ऊन लागलेली कातडी फिकी पडते आणि झाकलेला भाग पिवळाच राहतो, हे त्यांनी डॉक्टरांना दाखवलं. त्यातूनच निळ्या प्रकाशाखाली ठेवून कावीळ उतरवण्याचे दिवे आले. म्हणजे आजीबाईंचं म्हणणं अगदीच निराधार नाही. पण इंग्लंडचं ऊन आणि महागावचं ऊन एक नव्हे. इथे मार्च-एप्रिलमध्ये सकाळी नऊच्या उन्हातही उघडं बाळ तापतं, पाणी कमी होतं, कातडी भाजते. हिवाळ्यात उघडं ठेवलं तर गारठतं. उन्हाचा डोस मोजता येत नाही. आणि खरा तोटा वेळेचा. चार दिवस ऊन दाखवत बसल्यावर बाळ पुसदच्या रुग्णालयात पोहोचतं, तोवर बिलिरुबिन कुठल्या कुठे चढलेलं असतं. ग्लुकोजच्या पाण्याने कावीळ उतरत नाही. पाजणं वाढवल्याने शी जास्त होते आणि पिवळं द्रव्य तिच्यावाटे बाहेर पडतं, तेव्हा पाजणं वाढवा.

एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. जुन्या पेटीतून थोरल्या भावंडाची झबली, टोपरी काढून बाळाला घालतो, त्या पेटीत डांबरगोळ्या असतात. काही घराण्यांतल्या मुलांच्या रक्तात जन्मतः एका विकराची, जी-सिक्स-पीडीची, कमतरता असते. अशा बाळाच्या तांबड्या पेशी डांबरगोळ्यांच्या वासानेही भराभर फुटतात आणि कावीळ एकदम चढते. पेटीतले कपडे धुऊन, कडक उन्हात दोन दिवस वाळवून मगच वापरावेत. खरं तर बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या घालूच नयेत.

कपड्यांवरून फवारणी आठवली. २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी-शेतमजूर दगावले, ते सगळ्यांना माहीत आहे. फवारून आलेल्या बापाने अंघोळ करून, कपडे बदलून मगच बाळाला घ्यावं, आणि पंप-डबे बाळंतिणीच्या खोलीत ठेवू नयेत. बाळाची कातडी पातळ असते, अंगाच्या मानाने तिचा पसाराही मोठा; मोठ्या माणसाला न बाधणारं औषध बाळाच्या अंगात उतरू शकतं.

आपल्या भागात बाळाला गारठा आणि उष्मा या दोन्ही टोकांना तोंड द्यावं लागतं. काखेत थर्मामीटर लावून ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइटच्या आत राहिलं तर ठीक. थर्मामीटर नसेल तर हाताची मागची बाजू बाळाच्या पोटाला आणि तळपायाला लावा. दोन्ही कोमट असतील तर छान. पोट कोमट पण तळपाय गार असतील तर बाळ गारठू लागलंय. पोटही गार लागलं तर ती धोक्याची खूण. त्याला उराशी धरूनच दवाखान्यात निघा. पूस-पैनगंगेच्या काठच्या गावांत डिसेंबर-जानेवारीची पहाट बोचरी असते, आणि कमी वजनाच्या बाळाजवळ चरबीचा साठाच नसतो. अंगाखालची शेगडी हा त्यावरचा उपाय नाही. बंद खोलीतल्या निखाऱ्याच्या विषारी वायूला वासही नसतो, आणि धुरीने बाळाचा श्वास कोंडतो. उपाय आईच्या अंगातच आहे. लंगोट, टोपरं आणि मोजे एवढंच ठेवून बाळाला आईच्या उघड्या छातीवर, दोन स्तनांच्या मध्ये उभं ठेवायचं, वरून लुगड्याने किंवा ओढणीने बांधायचं आणि शाल पांघरायची. दक्षिण अमेरिकेतल्या बोगोटा शहरात १९७८-७९ च्या सुमारास बाळांना उबेत ठेवायच्या काचेच्या पेट्या पुरेनात म्हणून डॉ. रे आणि डॉ. मार्टिनेझ यांनी हे सुरू केलं, आता जगभर चालतं. आई दमली तर बापाने, आजीने किंवा मावशीने धरावं. बापाने धरायला हरकत घेणारे पुरुष अजून आहेत. त्यांना एकदा धरायला लावा, मग सोडत नाहीत. पहिली अंघोळ निदान चोवीस तास तरी पुढे ढकलावी. कमी वजनाच्या बाळाला तर वजन वाढेपर्यंत कोमट पाण्याच्या फडक्याने पुसणं पुरे.

एप्रिल-मे मध्ये याच्या उलट. बाळाला वारा लागेल म्हणून टोपरं, मोजे, दोन झबली आणि वर गोधडी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळ तापलेलं लागतं, शू कमी, ओठ कोरडे. आईचं दूध अजून पुरतं उतरलेलं नसतं आणि बाहेर ४४-४५ अंश. कपडे कमी करा, खोलीत हवा खेळती ठेवा, कुलर अंगावर थेट सोडू नका, लगेच पाजा आणि अर्ध्या तासाने तापमान पुन्हा मोजा. उतरलं नाही किंवा पहिल्यांदाच १००.४ च्या वर दिसलं, तर ते उन्हामुळेच आहे असं घरी ठरवू नका. महिन्याच्या आतल्या बाळाचा ताप डॉक्टरनेच पाहायचा. पॅरासिटामॉलचे थेंब देऊन उतरवायचा नाही. पाणी, गूळपाणी, मध यांपैकी काही नको. आईच्या दुधात शंभरात सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असतं, ते मे महिन्यालाही पुरतं. मधातून एक विशिष्ट जंतू आतड्यात वाढून बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात, म्हणून वर्षभर मध नाही.

श्वास मोजायला घड्याळ लागतं आणि बाळ शांत असावं लागतं. पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजा. नवजात बाळाचा श्वास मधेच पाच-सात सेकंद थांबून पुन्हा सुरू होतो, त्यामुळे पंधरा सेकंद मोजून चौपट केलं तर चुकतं. साठ किंवा जास्त आले तर पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही तितकेच आले, किंवा बरगड्यांखालचा भाग खोल आत ओढला जातोय, नाकपुड्या फुलताहेत, श्वासागणिक कण्ह ऐकू येतोय, जीभ-ओठ निळे पडलेत, तर तोच निघण्याचा क्षण. नुसते हातपाय निळसर असणं पहिल्या दिवशी चालतं, जीभ नाही. अशी धाप लागण्यालाच कुणी पोट उडतंय म्हणतं, कुणी डब्बा झाला म्हणतं, आणि मग कुणीतरी बिब्बा तापवतं. बिब्ब्याच्या चटक्याने न्यूमोनिया जात नाही. कातडी भाजते, त्या जखमेतून आणखी जंतू शिरतात, आणि रात्र वाया जाते. या एका बाबतीत आजीचा मान राखायची गरज नाही. नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे औषधी थेंब पुरतात. कापराची पुरचुंडी, बाम, वाफ नको. कापूर बाळाला विषारी असतो.

झटके नवजात बाळात मोठ्या माणसासारखे येत नाहीत. नजर एका जागी खिळते, ओठ चोखल्यासारखे हलतात, पाय सायकल मारल्यासारखे फिरतात, एकच हात फडफडतो. थरथर आणि झटका यांतला फरक साधा आहे : हात धरला की थरथर थांबते, झटका तुमच्या मुठीतही चालू राहतो. हिरवी उलटी एकदा झाली तरी पुरे. आतडं अडल्याची ती खूण आहे आणि तिथे शस्त्रक्रिया करणारं रुग्णालय लागतं. चोवीस तासांत शी झालीच नाही आणि पोट फुगतंय, तर तेच.

नाळेला काही लावू नका. हळद, राख, तेल, पावडर, काही नाही. कोरडी ठेवा, लंगोट नाळेखाली दुमडा. ती पाच ते पंधरा दिवसांत गळते. पूर्वी विळ्याने कापलेली, राख-शेण लावलेली नाळ धनुर्वात घेऊन यायची आणि आठवड्याच्या आत बाळ दात-जबडा आवळून जायचं. गरोदरपणातली धनुर्वाताची लस आणि दवाखान्यातली बाळंतपणं यांमुळे ते इतकं कमी झालं की २०१५ मध्ये भारतातून नवजात धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं प्रमाणपत्र मिळालं. राख मात्र काही घरांत अजून टिकून आहे. नाळेभोवतीची कातडी लाल, सुजलेली, वास येतोय, पू येतोय तर दाखवा. अंगावर दहा किंवा जास्त पुवाचे फोड, किंवा एकच मोठं गळू, हेही गंभीर समजावं. डोळ्यांत चिपडं येत असतील, पण डोळा पांढरा असेल, तर उकळून गार केलेल्या पाण्याच्या कापसाने आतून बाहेर पुसा. पापण्या सुजून पू वाहत असेल तर त्याच दिवशी नेत्रतपासणी. काजळ नको, त्यात शिसं असू शकतं. तोंडात पांढरे चट्टे पुसून निघत नसतील तर ती बुरशी आहे. टाकणखार लावू नका, डॉक्टरांचे थेंब घ्या आणि आईच्या स्तनाग्रालाही लावा, नाहीतर बुरशी आईकडून बाळाकडे फिरत राहते.

घुटीबद्दल लिहिलं की पत्रं येतात, तरी लिहितो. सहाणेवर वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, जायफळ उगाळून चाटवणं ही आपल्याकडची जिव्हाळ्याची गोष्ट आहे, आणि सहाण, पाणी, बोट या तिन्हींवर जंतू असतात ही दुसरी गोष्ट आहे. माझी खरी तक्रार जायफळाविषयी आहे. जायफळाने बाळ सुस्तावतं. मुंबईच्या गिरण्यांच्या काळात कामावर जाणाऱ्या बायका बाळाला अफूची बाळगोळी देत, ती याच कारणासाठी. महिन्याच्या आत ज्या सुस्तीवरून आजार ओळखायचा, तीच सुस्ती आपण हाताने आणली तर ओळखायचं कशावरून?

बाळ अडीच किलोच्या खाली असेल तर वरचं सगळं जास्त काटेकोर पाळावं. अशी बाळं चोखता चोखता दमतात. मग आईचं दूध काढून बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने पाजावं. भांडं उकळलेलं, दूध उन्हाळ्यात चार तासांच्या आत संपवायचं. जन्मतः १८०० ग्रॅमच्या खाली असेल तर घरी नेण्याची घाई करू नका, विशेष नवजात कक्षच हवा.

आशाताईच्या भेटी दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ठरलेल्या आहेत. घरी बाळंतपण झालं तर पहिल्या दिवशीही. गोची होते ती माहेरपणाने. सासरच्या आशाताईकडे गरोदरपणाची नोंद, बाळंतपण माहेरी, आणि दोन्ही गावांना वाटतं की दुसरी बघत असेल. सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी गेल्याबरोबर तिथल्या आशाताईला माता-बाल संरक्षण कार्ड दाखवा. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचंही तेच. फडावरच्या कोपीत जन्मलेलं किंवा पंधरा दिवसांचं होऊन कोपीत गेलेलं बाळ कुणाच्याच यादीत नसतं. मुकादमाकडे उचलीचा हिशेब असतो, लेकराचा नसतो. तिथे पोहोचताच जवळच्या उपकेंद्रात जाऊन नाव घालणं तुमच्याच हातात आहे. पहिल्या चोवीस तासांत बाळाला व्हिटॅमिन के आणि हिपॅटायटिस बीची लस मिळाली का, बीसीजी-पोलिओ दिला का, हे कार्डावर पाहून घ्या. व्हिटॅमिन के नसेल तर नाळेतून, शीतून, कधी मेंदूतही रक्तस्राव होऊ शकतो.

निघायची वेळ आली तर १०८ किंवा १०२ ला फोन करा. १ जून २०११ ला सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी नवजात बाळाचा सरकारी रुग्णालयातला उपचार, औषधं, तपासण्या आणि ये-जा मोफत आहे. पुढे ती सवलत वर्षाच्या बाळापर्यंत वाढवली गेली. महागावहून बहुतेकांची वाट पुसदच्या उपजिल्हा रुग्णालयाकडे जाते. पुढची पायरी यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, किंवा उमरखेडच्या बाजूच्या गावांना नांदेडचं विष्णुपुरीचं सरकारी रुग्णालय. आधी फोन करून जागा आहे का विचारायला प्राथमिक केंद्राच्या डॉक्टरांना सांगा. तीन दारं ठोठावण्यात जाणारा वेळ वाचतो. वाटेत बाळ आईच्या उराशीच राहू द्या, टोपरं घाला. चोखू शकत असेल तर अर्ध्या-पाऊण तासाने पाजत न्या. बेशुद्ध असेल, झटके येत असतील, तर तोंडात काहीही घालू नका. कार्ड, आईचा रक्तगट लिहिलेला कागद आणि गरोदरपणाच्या तपासण्यांचे कागद एका पिशवीत आठव्या महिन्यापासूनच भरून ठेवावेत.

बाळ नवजात कक्षातून बरं होऊन घरी आलं की घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि पुढची तारीख विसरतात. दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्यावर वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या वाढू शकतात. बाहेरून डोळा अगदी छान दिसतो, आईकडे टकामका पाहतोही. पडद्याची तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत व्हावी लागते. वेळेत लेसर झालं तर नजर वाचते, तीन महिन्यांनी दाखवलं तर बहुधा नाही. पुसदला ही तपासणी होत नसेल तर कुठे होते ते सुट्टीच्या कागदावरच लिहून मागा, आणि त्याच वेळी ऐकण्याच्या तपासणीची तारीखही घ्या.